चौदा कोटी बूट, तीन कोटी प्रती

जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४' या कादंबरीचा नायक विन्स्टन स्मिथ सरकारी नोकर आहे आणि छापून गेलेले आकडे दुरुस्त करणं हे त्याचं काम. एके दिवशी त्याच्या टेबलावर बुटांचा हिशेब येतो. अमुक तिमाहीत १४ कोटी ५० लाख जोड बूट तयार होतील, असं सरकारने आधी जाहीर केलेलं. झाले म्हणे ६ कोटी २० लाख. विन्स्टन जुन्या वर्तमानपत्रातला अंदाजच खाली ओढतो, ५ कोटी ७० लाखांवर आणून ठेवतो. झालं काम! उद्दिष्टापेक्षा ५० लाख जोड जास्तच निघाले. हे करताना त्याला पक्कं माहीत असतं की ६ कोटी २० लाख हा आकडाही तितकाच खोटा आहे; एकसुद्धा बूट तयार झाला नसेल, आणि किती झाले याचं कुणाला सोयरसुतकही नसेल. कागदावर कोट्यवधी बूट आणि निम्मी प्रजा अनवाणी.

ज्या पुस्तकाने सरकारी आकड्यांची अशी पिसं काढली, त्याच्याच वाचकांची मोजदाद करायला बसलं की डोकं गरगरतं. '१९८४' लंडनमध्ये ८ जून १९४९ रोजी प्रसिद्ध झालं. आजवर ३ कोटींच्या वर प्रती खपल्या असं सांगतात. १९८९ पर्यंत ते ६५ भाषांत गेलं होतं आणि तोवर इंग्रजीतली दुसरी कुठलीही कादंबरी इतक्या भाषांत पोचलेली नव्हती. एक प्रत दोन सेंटिमीटर जाडीची धरली तर ३ कोटी प्रतींची चळत ६०० किलोमीटर उंच जाते. एकावर एक अडुसष्ट एव्हरेस्ट. अवकाशस्थानक फिरतं ते साधारण ४०० किलोमीटरवरून, म्हणजे चळतीचा वरचा तिसरा हिस्सा त्याच्याही वर. कादंबरी लाखभर शब्दांची आहे. मिनिटाला २०० शब्द अशा बेताच्या वेगाने वाचली तर सव्वाआठ तास लागतात. प्रत्येक प्रत एकाने एकदाच वाचली असं धरलं तरी २५ कोटी तास होतात, म्हणजे २८ हजार ५०० वर्षं. एकट्या माणसाला एवढं वाचन उरकायचं असतं तर त्याला हिमयुगातच पुस्तक उघडून बसावं लागलं असतं.

पण हा सगळा हिशेब एका भाबड्या समजुतीवर उभा आहे: ज्याने पुस्तक घेतलं त्याने ते वाचलं. २००९ मध्ये ब्रिटनमध्ये जागतिक पुस्तक दिनाच्या निमित्ताने तेराशेच्या वर लोकांना विचारण्यात आलं की, न वाचलेलं पुस्तक वाचलंय असं तुम्ही कधी सांगितलंय का? ६५ टक्क्यांनी हो म्हटलं. कोणत्या पुस्तकाबद्दल? थापा मारणाऱ्यांपैकी ४२ टक्क्यांचं उत्तर होतं '१९८४'. टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' ३१ टक्क्यांवर मागे राहिलं, जॉइसचं 'युलिसिस' २५ वर आणि बायबल २४ वर. ६५ टक्क्यांतले ४२ टक्के म्हणजे एकूण लोकांतले २७ टक्के. चौघांत एकाहून जास्त. खोटं कसं पसरतं हे सांगणाऱ्या पुस्तकाबद्दलच सर्वांत जास्त खोटं बोललं जातं, याचं ऑर्वेलला बहुधा हसू आलं असतं. मला तर यातला प्रामाणिकपणा आवडतो. इतक्या लोकांनी थाप मारल्याचं निदान कबूल तरी केलं.

ज्यांनी खरोखर वाचलं त्यांच्यातले पहिले दोन वाचक प्रकाशकाच्या कचेरीतले. हस्तलिखित डिसेंबर १९४८ मध्ये सेकर अँड वॉरबर्गकडे आलं तेव्हा संस्थेतल्या डेव्हिड फॅररने लिहिलं, याच्या पंधरा-वीस हजार प्रती आपण खपवू शकलो नाही तर आपल्याला गोळ्याच घातल्या पाहिजेत. मालक फ्रेडरिक वॉरबर्गचा आकडा वेगळ्या जातीचा होता. पुस्तक वाचून तो हादरला आणि त्याने अंदाज बांधला की हे पुस्तक हुजूर पक्षाला १० लाख मतांच्या मोलाचं आहे. कादंबरीची किंमत मतांत करणारा प्रकाशक विरळाच. गंमत अशी की ऑर्वेल स्वतः समाजवादी, मजूर पक्षाचा पाठीराखा. अमेरिकेत लोक या पुस्तकाला समाजवादावरचा हल्ला समजू लागले तेव्हा त्याला आजारपणातून खुलासा करावा लागला की, हा रोख समाजवादावर नाही आणि ब्रिटनच्या मजूर पक्षावर तर नाहीच. खुलाशाचा उपयोग किती झाला, कोण जाणे. फेब्रुवारी १९५० मध्ये ब्रिटनमध्ये निवडणूक झाली आणि मजूर पक्ष जेमतेम ५ जागांच्या बहुमताने तरला. वॉरबर्गची १० लाख मतं त्यात कुठे होती हे मोजायला काही साधन नाही. ऑर्वेल तो निकाल पाहायला उरला नव्हता. २१ जानेवारी १९५० ला तो क्षयाने गेला, वयाच्या ४६ व्या वर्षी. हुजूर पक्षाच्या चर्चिलनी मात्र १९५३ मध्ये आपल्या डॉक्टरांना सांगितलं की ते हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचत आहेत.

पुस्तकाची पहिली आवृत्ती २५ हजारांच्या आसपास होती, किंमत १० शिलिंग. अमेरिकेत 'बुक ऑफ द मंथ क्लब' हे मोठं गिऱ्हाईक होतं. सभासदांना दर महिन्याला एक निवडक पुस्तक घरपोच पाठवायचं, असा त्यांचा धंदा. त्यांनी अट घातली: कादंबरीतल्या गोल्डस्टीनच्या बंदी घातलेल्या ग्रंथातला लांबलचक भाग आणि शेवटचं परिशिष्ट काढून टाका. ऑर्वेलने साफ नकार दिला. यात ४० हजार पौंडांच्या आसपास रकमेवर पाणी सोडावं लागणार हे त्याला ठाऊक होतं. १० शिलिंगांच्या पुस्तकाच्या हिशेबात हे ८० हजार प्रतींचे पैसे झाले, आणि माणूस सॅनेटोरियममध्ये खाटेवर पडलेला. शेवटी क्लबच नमला आणि पुस्तक जसंच्या तसं गेलं. पहिल्या साधारण वर्षभरात ब्रिटनमध्ये ५० हजारांच्या आसपास प्रती गेल्या, अमेरिकेत त्याच्या कितीतरी पट.

ज्या माणसाला मरणाआधी एवढा वाचक मिळाला, त्याने काही वर्षांपूर्वी नोकरी सोडली होती ती आपल्याला कुणी ऐकतच नाही या खात्रीने. आणि तो न ऐकणारा श्रोता आपण होतो. १९४१ ते १९४३ ऑर्वेल बीबीसीच्या भारतीय विभागात होता. आठवड्याच्या युद्धवार्तांची समीक्षा तो इंग्रजीत लिहायचा आणि ती गुजराती, बंगाली, तमिळसह मराठीतही भाषांतर होऊन लंडनहून प्रसारित व्हायची. त्याच्या सहकाऱ्यांत कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. त्या काळातला बीबीसीचा एक प्रसिद्ध फोटो आहे. त्यात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, वेणू चितळे बसलेले आणि मागे उंच, किडकिडीत ऑर्वेल उभा. त्या वेळी हिंदुस्थानची लोकसंख्या ३९ कोटींच्या घरात आणि रेडिओ संच लाख-दीड लाख. दर अडीच ते चार हजार माणसांमागे एक संच. त्यातही लंडनच्या मराठी वार्तापत्राची वेळ साधून कान लावणारे किती, हे बीबीसीलाही नीट सांगता येत नव्हतं. सप्टेंबर १९४३ मध्ये ऑर्वेलने राजीनामा दिला आणि कारण असं दिलं की ज्यातून काही निष्पन्न होत नाही त्या कामावर आपला वेळ आणि जनतेचा पैसा वाया जातो आहे. बिहारमधल्या मोतीहारीत जन्मलेल्या या माणसाचे शब्द मराठीत पहिल्यांदा पोचले ते असे, हवेतून आणि बहुतेक हवेतच विरले.

१२ डिसेंबर १९५४ च्या रविवारी त्याच बीबीसीने '१९८४' दूरदर्शनवर नाटक म्हणून दाखवलं. पीटर कुशिंग विन्स्टनच्या भूमिकेत होता. जवळपास सगळं थेट प्रक्षेपण, चुकलं तर दुरुस्ती नाही. उंदरांचा पिंजरा तोंडासमोर येतो तो प्रसंग लोकांनी घरात, चहाच्या कपासह पाहिला. दुसऱ्या दिवसापासून तक्रारी. पार्लमेंटमध्ये काही खासदारांनी निषेधाचा ठराव मांडला, इतरांनी त्यावर उलट सूचना मांडल्या. बीबीसीत खल झाला की गुरुवारी ठरलेला दुसरा प्रयोग करायचा की नाही. तोवर राणीच्या पतीने, प्रिन्स फिलिपने, जाहीर सांगून टाकलं की राणीने आणि मी ते पाहिलं आणि आवडलं. गुरुवारी नटांनी तो सगळा छळ पुन्हा पहिल्यापासून केला आणि तो सुमारे ७० लाख लोकांनी पाहिला. राणीच्या राज्याभिषेकानंतरचा सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग. ब्रिटनमध्ये पहिल्या वर्षी जेवढ्या प्रती खपल्या त्याच्या १४० पट माणसं एका संध्याकाळी बसली होती. त्यांच्यापैकी बहुतेकांच्या हाती पुस्तक कधीच आलं नव्हतं, आणि '१९८४' म्हणताच त्यांना जे आठवे ते कुशिंगचं घाबरलेलं तोंड. न वाचता वाचल्यासारखं वाटण्याची सवय बहुधा इथूनच लागली. तरी त्या आठवड्यात पेंग्विनच्या स्वस्त आवृत्तीच्या १८ हजारांच्या आसपास प्रती उडाल्या.

इथपर्यंतचे आकडे दुकानदारांचे. लोखंडी पडद्यापलीकडे वेगळं गणित चालायचं.

सोव्हिएत संघात पुस्तकावर बंदी होती. मॉस्कोच्या 'प्रावदा'ने १९५० मध्येच त्याची यथेच्छ निंदा करून ठेवली होती, म्हणजे जे पुस्तक देशात कुणी वाचू शकत नव्हतं त्याचं परीक्षण लाखो लोकांनी वाचलं. ज्याला ते हवं असे त्याला टाइप केलेली प्रत मिळवावी लागे. पातळ कागद आणि कार्बन घालून टाइपरायटरवर एका वेळी चार-पाच प्रती निघत. शेवटच्या प्रतीवरची अक्षरं धुक्यातून वाचल्यासारखी. लाखभर शब्द, मिनिटाला ४० शब्दांचा वेग, म्हणजे न थांबता ४२ तास. चार-पाच प्रतींसाठी. लंडनच्या प्रकाशकाने एका दमात जेवढ्या २५ हजार प्रती छापल्या तेवढ्या कार्बनवर काढायच्या तर एका टायपिस्टला रात्रंदिवस निदान २४ वर्षं बसावं लागलं असतं. आणि टंकाचा आवाज शेजारी ऐकू जातो, हे वेगळंच. पोलंडहून पळालेल्या चेस्वाफ मिवोशने १९५३ मध्ये 'द कॅप्टिव्ह माइंड' मध्ये नोंदवलं की पूर्व युरोपात हे पुस्तक पक्षाच्या आतल्या गोटातल्या मोजक्या मंडळींनाच मिळतं, आणि रशियात कधी न राहिलेल्या माणसाला हे सगळं इतकं नेमकं कसं कळलं याचंच त्यांना आश्चर्य वाटतं. सरकारविरुद्धचं पुस्तक सरकारातल्या लोकांनी वाचावं आणि मान डोलवावी, याहून मोठी पावती लेखकाला काय मिळणार.

पश्चिमेकडून पुस्तकं आत ढकलण्याचाही मोठा उद्योग होता. १९५६ ते १९९१ या काळात अमेरिकेच्या सीआयएच्या पैशाने पूर्वेकडे जवळपास १ कोटी पुस्तकं आणि मासिकं गेली, टपालाने, पाहुण्यांच्या बॅगांतून, विद्वानांच्या हातून. ऑर्वेल त्यात होताच. पुस्तकांच्या प्रसारासाठी गुप्तहेर खात्याने पस्तीस वर्षं पैसे ओतले असं दुसरं उदाहरण मला तरी सुचत नाही.

पूर्व जर्मनीत १९५९ मध्ये छपाईचं काम करणाऱ्या एका तरुणाला तीन वर्षांहून अधिक कैद झाली. पश्चिमेकडून त्याच्याकडे '१९८४' आलं होतं, ते त्याने वाचलं आणि ओळखीच्यांना वाचायला दिलं, हा गुन्हा. कादंबरी ३०० पानांची धरली तर पानामागे साधारण चार दिवस तुरुंग पडला. त्याच देशाच्या गुप्त पोलिसांकडे, श्टाझीकडे, १९८९ साली ९१ हजार पगारी नोकर आणि साधारण १ लाख ८९ हजार खबरे होते; लोकसंख्या १ कोटी ६४ लाख. दोन्ही मिळून १.७ टक्के होतात. कादंबरीत सत्तेच्या अगदी आतल्या वर्तुळात ६० लाख माणसं आहेत, म्हणजे प्रजेच्या दोन टक्क्यांहून थोडी कमी, असं ऑर्वेलने लिहून ठेवलंय. योगायोगच म्हणायचा, कारण त्याने पुस्तक लिहिलं तेव्हा श्टाझी स्थापनही झाली नव्हती. तिने मागे ठेवलेली कागदपत्रं फडताळात उभी लावली तर १११ किलोमीटर भरतात. मुंबईहून निघालं तर लोणावळा मागे टाकून पुढे जावं लागेल इतकं अंतर, नुसत्या फायलींचं, आणि प्रत्येक फाइलमध्ये कोण कुणाकडे जेवायला गेलं आणि काय बोललं याची टिपणं.

मग बांध फुटला. १९८९ च्या सुरुवातीला मॉस्कोच्या 'नोवी मीर' मासिकाने '१९८४' क्रमशः छापली, तीन अंकांत. मासिकाचा खप १५ लाखांच्या वर होता. जिथे कालपर्यंत पाचवी कार्बनप्रत रात्रीपुरती उसनी मिळत होती, तिथे महिन्याला पंधरा लाख घरांत कादंबरी टपालाने येऊन पडू लागली. जगातल्या कुठल्याही आवृत्तीने एका फटक्यात इतके वाचक पाहिले नसावेत. आणि हे वाचक भविष्य वाचत नव्हते, मागच्या चाळीस वर्षांची उजळणी करत होते. कादंबरीतला चॉकलेटचा प्रसंगच घ्या. सरकार शिधा ३० ग्रॅमवरून २० ग्रॅमवर आणतं आणि दुसऱ्या दिवशी शिधा २० ग्रॅमपर्यंत वाढवल्याबद्दल आभाराचे मोर्चे निघतात. लंडनच्या वाचकाला हा विनोद वाटतो. पंचवार्षिक योजना चार वर्षांत पुरी केल्याच्या फलकांखाली, 'दोन अधिक दोन बरोबर पाच' असं खरोखर भिंतींवर रंगवलेलं पाहत ज्यांचं बालपण गेलं, त्या रशियन वाचकाला त्यात विनोद कुठून दिसणार? ऑर्वेलने कादंबरीतलं ते समीकरण बहुधा तिथूनच उचललं होतं.

आता अलीकडचे आकडे. इथे टक्क्यांचं राज्य आहे आणि टक्के ही फार लबाड जात.

जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेनने अमेरिकी सरकारच्या पाळतीची कागदपत्रं फोडली. आठवड्याभरात बातम्या आल्या की '१९८४'ची विक्री हजारो टक्क्यांनी वाढली. या टक्क्यांचं मूळ ॲमेझॉनच्या एका यादीत होतं, आणि ती यादी विक्री मोजतच नाही. ती मोजते क्रमांकातली उडी. समजा एखादं पुस्तक काल ७ हजाराव्या क्रमांकावर होतं आणि आज १२० व्या क्रमांकावर आलं. ७ हजारांतून १२० वजा केले, उरले ते १२० ने भागले, शंभराने गुणले. आलं उत्तर: ५ हजार ७३३ टक्के. यात एकही प्रत मोजलेली नाही. हेच पुस्तक पहिल्या क्रमांकावर गेलं असतं तर वाढ ६ लाख ९९ हजार ९०० टक्के दिसली असती. खप दुप्पट झाला की दहापट, हे या गणिताला ठाऊक नसतं. पण वर्तमानपत्रांनी 'क्रमांक' हा शब्द गाळला, 'विक्री' हा शब्द घातला आणि मथळा तयार झाला. विन्स्टनच्या खात्यात अशा माणसाला बढती मिळाली असती.

जानेवारी २०१७ चं प्रकरण आणखी रंगतदार. डोनाल्ड ट्रम्प यांच्या शपथविधीला गर्दी किती होती, यावरून वाद पेटला. प्रवक्त्याने २१ जानेवारीला सांगितलं की इतिहासातली सर्वांत मोठी गर्दी. फोटोत मैदान मोकळं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सल्लागार केलियन कॉनवे टीव्हीवर म्हणाल्या की प्रवक्त्याने 'पर्यायी तथ्यं' दिली. त्या आठवड्यातच '१९८४' ॲमेझॉनवर पहिल्या क्रमांकावर गेलं. प्रकाशकांनी ७५ हजार जादा प्रती छापायला टाकल्या आणि शपथविधीपासून विक्री ९ हजार ५०० टक्क्यांनी वाढल्याचं सांगितलं. म्हणजे ९६ पट. ७५ हजार प्रती हा खणखणीत आकडा आहे. कागद, शाई, ट्रक लागतात त्याला. ९६ पट हा आकडा ऐकायला त्याहून भारी, पण कशाच्या ९६ पट, हे त्यात नाही. आणि भांडण मुळात कशावरून होतं? मैदानात माणसं किती, या एका आकड्यावरून.

चार वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, पुस्तक पुन्हा ॲमेझॉनच्या यादीत अव्वल. या वेळी ग्राहक बदलले होते. अमेरिकेच्या संसदेवर जमाव चालून गेला, ट्विटरने ट्रम्प यांचं खातं बंद केलं, एका प्रकाशन संस्थेने सिनेटर जॉश हॉली यांच्या पुस्तकाचा करार मोडला, आणि हॉली म्हणाले की हा तर ऑर्वेलचा नमुना आहे. २०१७ मध्ये ज्यांच्या भीतीने लोकांनी पुस्तक घेतलं, २०२१ मध्ये त्यांच्याच बाजूचे लोक तेच पुस्तक घेत होते. दुकानाच्या खात्यात दोन्ही विक्री एकाच ओळीत जमा. प्रतिसाद मोजायची ही पद्धत किती बोथट आहे ते इथे उघडं पडतं. गुडरीड्सवर या पुस्तकाला ४० लाखांहून अधिक लोकांनी तारे दिले आहेत, सरासरी पाचांत चारच्या किंचित वर. परीक्षेसाठी नाइलाजाने वाचणाऱ्या विद्यार्थ्याचे चार तारे आणि पानामागे चार दिवसांची शिक्षा झालेल्या माणसाचे चार तारे, दोन्ही सारख्याच वजनाचे. मला यातल्या मोठ्या आकड्याचं फारसं कौतुक वाटत नाही. जिथे प्रती सर्वांत कमी होत्या तिथे हे पुस्तक सर्वांत नीट वाचलं गेलं, असंच मी म्हणेन.

मोजणाऱ्या दुकानाची स्वतःचीही एक कथा आहे. जुलै २००९ मध्ये किंडलवर '१९८४' विकत घेतलेल्या अमेरिकी ग्राहकांना एका सकाळी दिसलं की पुस्तक यंत्रातून गायब. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, म्हणून ॲमेझॉनने ते सगळ्यांच्या यंत्रांतून दुरूनच पुसलं आणि पैसे परत केले. एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्यात काढलेली टिपणंही निरुपयोगी झाली. प्रकरण कोर्टात गेलं, कंपनीने दीड लाख डॉलर देऊन मिटवलं आणि प्रमुख जेफ बेझोस यांनी हा मूर्खपणा होता अशा शब्दांत माफी मागितली. जगात लाखो पुस्तकं असताना पुसायला हेच सापडावं!

थायलंडमध्ये २०१४ च्या लष्करी उठावानंतर लोक चौकात, स्टेशनात उभं राहून शांतपणे '१९८४' वाचू लागले. बँकॉकच्या एका मॉलपाशी एक विद्यार्थी सँडविच खात हे पुस्तक वाचत होता, त्याला पोलिसांनी उचललं. एक वाचक, एक पुस्तक, एक सँडविच. आकडे इथे संपले. चीनमध्ये १९७९ साली ते निवडक मंडळींसाठी काही हजार प्रतींत छापलं गेलं, पुढे उघड विक्रीला आलं आणि दुकानात आजही मिळतं. पण फेब्रुवारी २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची मुदतमर्यादा उठवण्याचा प्रस्ताव आला तेव्हा वेइबो या तिथल्या समाजमाध्यमावर '१९८४' शोधायला बंदी झाली. कादंबरी चालेल, आकडा चालणार नाही.

रशियात २०२२ मध्ये लित्रेस या ई-पुस्तकांच्या दुकानातून वर्षात सर्वाधिक उतरवलेली कादंबरी '१९८४' होती. त्याच वर्षी मे महिन्यात परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या मारिया झाखारोवा यांनी सांगितलं की हे पुस्तक सोव्हिएत व्यवस्थेबद्दल आहे हा जगातला एक मोठा खोटा समज आहे. ऑर्वेलने पाश्चात्त्य उदारमतवादाचा शेवट लिहिलाय. म्हणजे सरकारही वाचतं आणि डाउनलोड करणारेही वाचतात, आणि दोघांनाही खात्री आहे की यातला खलनायक समोरचा आहे. इव्हानोवो शहरात एका व्यावसायिकाने ५०० प्रती विकत घेऊन रस्त्यावर फुकट वाटायला सुरुवात केली, तेव्हा मात्र पोलीस आले. उदारमतवादाविरुद्धचं पुस्तक फुकट वाटणाऱ्याला खरं तर सरकारने चहा पाजायला हवा होता.

यापुढे मोजणं आणखी अवघड होत जाणार. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे २०११ च्या जानेवारीपासून इथे '१९८४' कुणीही छापू शकतो आणि कितीतरी जण छापतात. मुंबईच्या फोर्टमध्ये, पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात त्याच्या स्वस्त प्रती मिळतात, प्रकाशकाचं नाव दर वेळी वेगळं; त्यांचा एकत्र हिशेब कुठल्याच वहीत नाही. ब्रिटन आणि युरोपात हीच मोकळीक १ जानेवारी २०२१ ला मिळाली आणि नव्या आवृत्त्यांचा पूर आला. अमेरिकेत मात्र पुस्तक छापल्यापासून ९५ वर्षं हक्क चालतो. तिथे प्रत्येक प्रतीमागे ऑर्वेलच्या वारसांना द्यायचा पैसा अजून मोजून दिला जातो, आणि तो ३१ डिसेंबर २०४४ पर्यंत दिला जाईल.